दुसरा हॉर्न

ह्लिन्स्को गावात, अग्निशामक बंबांच्या गॅरेजवर
एक खोली होती. तिला खिडकी होती, पण ती उघडत नसे.
तिथे बुधवारी चार वाजता
बोहुमीर ह्लावाच मला हॉर्न शिकवायचे.

पहिले तीन आठवडे त्यांनी हॉर्न हातात दिलाच नाही.
फक्त माउथपीस, तोही खिशात ठेवून ऊब दिलेला.
"गार पितळेला टेकला की ओठ खोटं बोलतो,"
एवढंच म्हणायचे, आणि सफरचंद सोलत बसायचे.
सुरी उजव्या हातात,
आणि त्या हाताला बोटं तीन.

उरलेली दोन लाकडाच्या वखारीत, करवतीखाली गेली.
कोणत्या साली, ते गावात प्रत्येकजण वेगळं सांगे.

हॉर्न वाजवणाऱ्याचा उजवा हात
कर्ण्याच्या आत असतो. लोकांना दिसते ती
डाव्या हाताची लगबग, कळा दाबणं, सोडणं.
आतला हात काहीच करत नाही असं वाटतं.
घरात एखादा न बोलणारा माणूस असतो ना,
तो गावाला गेला की आमटी अळणी लागते,
तसा तो हात.

ह्लावाचांचा सूर गळका होता.
दोन बोटांच्या जागेतून काहीतरी निसटायचं,
कुणी दार लोटलंय पण कडी लावली नाही, तसं.
मला तोच सूर हवा होता.
घरी मी करंगळी आणि अनामिका
चिकटपट्टीने तळव्याशी बांधून वाजवलं
महिनाभर. आईला वाटलं, हाड मोडलं.

त्यांनी दोन सुरांत ओळखलं.
"राद्का, माझी बोटं मागू नकोस.
मलाच मिळत नाहीत."
मग खूप वेळ खोकले, की हसले, कळलं नाही.
खाली कुणीतरी बंब धूत होतं.

वरचे सूर या वाद्यात चाळीतल्या दारांसारखे,
एकाला एक खेटून. ओठ केसभर सरकला
की भलत्याच घरात शिरतो आपण,
आणि सगळं सभागृह मान वळवून बघतं.
"आधी ऐक, मग फुंक," ते म्हणायचे.
मी अजूनही कधी कधी आधी फुंकते.

आता ओस्त्रावाच्या ऑपेरात मी दुसरा हॉर्न.
पहिल्याचं नाव कागदावर छापतात.
मी त्याच्या खाली, त्याच्या आधी,
तो चढतो तेव्हा शिडी धरून उभी.
मंचाखालच्या खड्ड्यात एकशे बारा मापं
गप्प बसून मोजायची, बोटांवर,
आणि मग चार सूर. चारच.
वर कुणीतरी मरत असतं, आम्हाला दिसत नाही,
फक्त त्याच्या बुटांची धूळ नोटेशनवर पडते.
गेल्या फेब्रुवारीत त्या चारांतला तिसरा फुटला.
क्विदोने शेजारून पाहिलंही नाही,
नुसता गुडघा माझ्या गुडघ्याला लावला.

ह्लावाच गेले त्या वर्षी त्यांच्या बहिणीने
हॉर्न बसने पाठवला, रजईत गुंडाळून,
ड्रायव्हरला वीस मुकुट आणि जॅमची बाटली देऊन.
कर्ण्याच्या आत, जिथे कुणी बघत नाही,
पितळेची झिलई उडाली होती
तीन लांब पट्ट्यांत.
मी हात घातला. माझी दोन बोटं
चकचकीत, कोऱ्या जागेवर पडली.
तिथे थंड लागलं.

शनिवारी येणारा क्रिश्तोफ आठ वर्षांचा आहे,
खुर्चीवर त्याचे पाय जमिनीला पोचत नाहीत.
तो वाजवण्याआधी सगळ्या वस्तूंची चौकशी करतो.
काल त्याने कर्ण्यात डोकं घातलं
आणि आतूनच, घुमत्या आवाजात विचारलं,
"इथे कोणता पक्षी बसायचा?"

काय सांगणार होते मी त्याला?
"आधी पाणी काढ," म्हणाले.
त्याने हॉर्न उलटा केला, मग आडवा, मग पुन्हा उलटा,
जीभ बाहेर काढून, अगदी मन लावून.
फरशीवर तीन थेंब पडले,
मग बराच वेळाने आणखी एक.